कुत्रा स्वतःहून थांबत नाही

मोकळ्या मैदानात कुत्र्याला सोडा आणि दहा मिनिटं नुसतं बघत बसा. तो सुसाट पळेल, मध्येच थबकेल, एखाद्या झुडपात नाक खुपसून उभा राहील, पुन्हा वळसा घालून धावेल, गवतात लोळेल, सावलीत बसून धापा टाकेल. दहा मिनिटांतला पळण्याचा वेळ मोजलात तर तो वाटला होता त्याहून बराच कमी भरतो. बाकीचा वेळ रेंगाळण्यात जातो. अंग किती तापलं, पाय कुठे ठणकतोय, दम किती उरलाय याचा हिशोब त्याचं शरीर असं तुकड्यातुकड्यांनी करत असतं.

आता त्याच कुत्र्याला पट्टा लावून आपण पळायला निघतो. वेग आपला, अंतर आपलं, रस्ता आपण ठरवलेला. थबकणं, रेंगाळणं, सावली गाठणं हे सगळं त्याच्या हातून जातं. तरी तो कुरकुर करत नाही. शेपूट वर करून बरोबरीनं धावत राहतो, कारण त्याला आपल्यासोबत असायचं असतं. थकला तरी धावतो, दुखलं तरी धावतो. पळणं वेगळं आणि पळवणं वेगळं, आणि पट्टा हातात आला की आपण कुत्र्याला पळवत असतो. म्हणून त्याच्या शरीराचा जो हिशोब एरवी आपोआप व्हायचा, तो आता आपल्याला करावा लागतो. त्यासाठी पळताना त्याच्या अंगात काय चालतं ते माहीत हवं.

तापलेलं अंग

कुत्रा मुळात लांब पल्ल्याचा गडी आहे. त्याचे स्नायू ऑक्सिजन वापरून चरबीतून ऊर्जा काढण्यात तरबेज असतात. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा त्यावरचं औषध सुमारे १,०८५ किलोमीटर बर्फातून कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी पोचवलं. टप्प्याटप्प्यानं गाड्या बदलत हे अंतर साडेपाच दिवसांच्या आत पार झालं. आजही अलास्कात इडिटारॉड नावाची सुमारे १,६०० किलोमीटरची शर्यत होते. ती १९७३ साली सुरू झाली. त्यातले कुत्रे दिवसाला दहा हजारांहून जास्त कॅलरी खातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावायला उभे राहतात.

मग घरचा धडधाकट कुत्रा पाच किलोमीटरात का गळून जातो? सराव नसतो हे एक कारण. पण त्याहून मोठं कारण उष्णतेचं आहे. अलास्कातले ते कुत्रे शून्याखालच्या थंडीत धावतात. स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता म्हणून बाहेर पडतो. आजूबाजूला बर्फ असेल तर ती उष्णता सहज निघून जाते. उबदार हवेत ती अंगातच साठत राहते.

माणसाला अंगभर घाम येतो. पळताना आपली सगळी कातडी ओली होते, वारा लागतो आणि आपण थंड होतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांच्या गाद्यांमधून, आणि त्यानं अंग थंड होत नाही. त्याचं सगळं काम धापेवर चालतं. कुत्र्याच्या नाकात आत गुंडाळ्यांसारखी पातळ हाडं असतात आणि त्यांच्यावर ओलसर अस्तर असतं. हवा त्यावरून, जिभेवरून, घशातून वेगानं ये-जा करते, ओल सुकते आणि सुकताना रक्तातली उष्णता घेऊन जाते. निवांत बसलेला कुत्रा मिनिटाला १५ ते ३० श्वास घेतो. धाप लागली की हा आकडा २०० ते ४०० वर जातो. एवढ्या वेगानं श्वास घेऊन त्याची छाती दमत कशी नाही? छातीच्या पिंजऱ्याला स्वतःचा एक लवचीक ठेका असतो, झोपाळ्यासारखा. धाप त्याच ठेक्यात चालते, त्यामुळे तिला फार जोर लागत नाही.

पण ही सगळी युक्ती ओल सुकण्यावर अवलंबून आहे. हवा दमट असली की ओल सुकत नाही आणि धाप फुकट जाते. म्हणून फोनवर दिसणाऱ्या तापमानाच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका. कोरड्या हवेतल्या सकाळी जे अंतर सहज निघतं, तेच त्याच तापमानाच्या दमट सकाळी धोक्याचं ठरू शकतं.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा थोडं जास्तच. धावताना ते चाळीसच्या आसपास जातं आणि थांबल्यावर उतरतं, त्यात वावगं काही नाही. ४१ च्या पुढे गेलं की मात्र उष्माघाताची सीमा सुरू होते. आतड्यांचं अस्तर, मूत्रपिंडं, यकृत, रक्त गोठण्याची यंत्रणा, मेंदू, सगळ्यांनाच इजा होऊ लागते. बंद गाडीत कुत्र्याला ठेवू नये हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदी तपासणाऱ्या २०२० च्या एका अभ्यासात वेगळंच चित्र दिसलं. उष्णतेनं आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कुत्रे व्यायामामुळे आजारी पडले होते. बंद गाडीचा क्रमांक त्याच्या कितीतरी खाली होता.

अंगाला उष्णतेची सवय व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे थंडी सरल्यावरचे पहिले गरम दिवस फसवे असतात. हवा आपल्याला छान वाटते आणि कुत्र्याचं शरीर अजून हिवाळ्यातच असतं.

पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग यांच्यासारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांबद्दल मी स्पष्टच सांगते. त्यांना पळायला नेऊ नका. त्यांच्या नाकपुड्या अरुंद असतात, टाळूचा मऊ भाग लांब असून घशात येतो आणि धाप टाकायला जागाच उरत नाही. घोरल्यासारखा आवाज करत पळणारा कुत्रा गोड वाटतो, पण तो हवेसाठी झगडत असतो. त्यांच्यासाठी गार वेळेतलं संथ फिरणं पुरेसं आहे.

जीभ वाचायला शिका

माझा तांबू मिश्र जातीचा आहे, तेवीस किलोचा, लांब पायांचा. पहिली दोन वर्षं मी त्याच्याबरोबर पळताना घड्याळाकडे बघायचे. एका दमट सकाळी निघताना त्याची जीभ नेहमीसारखी होती, गुलाबी, अरुंद, तोंडाच्या एका कडेनं जराशी बाहेर. तिसऱ्या किलोमीटरला ती लांब लोंबत होती. टोक पळीसारखं रुंद झालं होतं, कडा वर वळल्या होत्या आणि रंग गडद लाल झाला होता. तो रस्त्याच्या कडेला, झाडांच्या सावलीकडे सारखा ओढत होता. मी पट्टा खेचून त्याला सरळ रेषेत आणत राहिले. एका वळणावर दव असलेलं गवत दिसताच तो त्यावर पोट टेकून आडवा झाला आणि उठायला तयार होईना.

जवळच्या बाटलीतलं पाणी मी त्याच्या पोटावर आणि मांड्यांच्या आत ओतलं, सावलीत बसवलं. धाप उतरायला पंचवीस मिनिटं लागली. डॉक्टरांनी तपासलं, पुढे काही झालं नाही. पण ती जीभ, ते सावलीकडे ओढणं, दोन्ही गोष्टी तो मला किलोमीटरभर सांगत होता. तेव्हापासून दर पाच मिनिटांनी मी मान वळवून त्याच्या जिभेकडे बघते. जीभ अरुंद असेल तर पुढे जायचं. टोक पसरायला लागलं की चालायचं. पळीसारखी होऊन कडा वळल्या की थांबायचं आणि त्या दिवशी पुन्हा पळायचं नाही.

दुसरी खूण हिरड्यांची. घरी, कुत्रा निवांत असताना, त्याचा ओठ वर उचलून हिरडीवर अंगठा दाबा आणि सोडा. दाबलेली जागा पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. हे आठ-दहा वेळा करून त्याच्या हिरडीचा नेहमीचा रंग डोळ्यांत बसवून घ्या. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांच्या बाबतीत खालच्या पापणीची आतली बाजू बघायची. विटेसारखा लाल रंग, फिकट पांढरा किंवा निळसर रंग, यांपैकी काहीही दिसलं तर गडबड आहे.

कुत्रा झोकांड्या खात असेल, उलटी करत असेल, हाक मारल्यावर शून्य नजरेनं बघत असेल, कोसळला असेल किंवा झटके येत असतील तर आधी थंड करायचं आणि मग दवाखान्यात न्यायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे. पूर्वी सांगितलं जायचं की गार पाणी वापरू नका, शिरा आकसतात. आता पशुवैद्य उलट सांगतात. तरुण, निरोगी कुत्रा असेल तर डोकं वर धरून त्याला सरळ गार पाण्यात उतरवा. म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याच्या अंगावर पाणी ओतत राहा आणि वारा घाला. अंगावर ओला टॉवेल पांघरून ठेवू नका. तो लवकरच गरम होतो आणि उष्णता कोंडून धरतो. पाणी पुढे ठेवा, पण शुद्धीवर नसलेल्या कुत्र्याच्या तोंडात ओतू नका. आणि तो उठून शेपूट हलवायला लागला तरी दवाखान्यात न्याच. मूत्रपिंडांची आणि रक्ताची इजा कधी कधी एक-दोन दिवसांनी उघड होते.

दुडकी चाल

कुत्र्याच्या चाली नीट बघितल्या तर पळण्याचा वेग ठरवणं एकदम सोपं होतं. हळू चालणं सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या वरची चाल दुडकी. यात पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम पडतो, मग दुसरी जोडी. पाठ जवळजवळ सपाट राहते, ठेका घड्याळासारखा एकसारखा असतो. लांब अंतरासाठी कुत्र्याला सगळ्यांत स्वस्त पडणारी चाल हीच. त्याच्यावर चौखूर धाव येते. त्यात पाठ धनुष्यासारखी वाकते आणि ताणते, वेग वाढतो, खर्चही वाढतो.

मध्यम आकाराच्या कुत्र्याची आरामाची दुडकी साधारण ताशी ८ ते १२ किलोमीटरच्या घरात असते. माणूस सहा मिनिटांत एक किलोमीटर पळतो तेव्हा त्याचा वेग ताशी दहा होतो. म्हणजे वीस-पंचवीस किलोचा कुत्रा आणि सावकाश पळणारा माणूस यांची जोडी आपोआप जमते. लहान कुत्र्याचं तसं नाही. आपल्या सावकाश वेगालाही त्याला चौखूर उधळावं लागतं, म्हणजे आपण गप्पा मारत पळतो तेव्हा तो शर्यतीत असतो.

म्हणून पळताना मधूनमधून त्याच्या पाठीकडे बघा. पाठ सपाट असेल तर दुडकी चाललीय. पाठ लाटेसारखी वरखाली होत असेल तर वेग कमी करा. मैलभर चौखूर धावायला लावणं ही चांगल्या कुत्र्याचीही दमछाक आहे.

जातीवरून अंदाज बांधताना ग्रेहाउंडचं उदाहरण आठवावं. तो ताशी ६५ ते ७० किलोमीटरचा वेग गाठतो. प्रत्येक झेपेत दोनदा त्याचे चारही पाय हवेत असतात. धावायला लागताच त्याची प्लीहा आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. पण हे सगळं काहीशे मीटरांसाठी. वेगवान कुत्रा म्हणजे लांब पळणारा कुत्रा असं समीकरण नाही. लांब पळण्यासाठी हस्की, पॉइंटर, कोली, एकेकाळी घोडागाड्यांबरोबर धावणारे डाल्मेशियन आणि सडपातळ बांध्याचे मिश्र जातीचे कुत्रे जास्त योग्य असतात.

कधी सुरू करायचं, किती पळायचं

पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे वाढीचे थर असतात. हाड तिथूनच लांब होतं. वाढ पुरी होईपर्यंत हे थर हाडापेक्षा मऊ असतात आणि त्यांना इजा झाली तर पाय वाकडा किंवा आखूड राहू शकतो. लहान जातींमध्ये हे थर साधारण ९ ते १२ महिन्यांत बंद होतात, मोठ्या जातींमध्ये दीड वर्षापर्यंत जातं, अवाढव्य जातींमध्ये दोन वर्षांपर्यंतही. तोवर पट्ट्यावरचं पळणं नको. पिल्लानं पळूच नये असं मात्र नाही. मोकळ्यात मातीवर किंवा गवतावर हुंदडायला, थांबायला, लोळायला त्याला भरपूर मिळालं पाहिजे.

सुरुवातीआधी डॉक्टरांकडून हृदय, खुबे, गुडघे आणि वजन तपासून घ्या. मग पहिले दोन आठवडे चालणंच, त्यात मधूनमधून मिनिटभर दुडकी. हळूहळू पळण्याचे तुकडे लांबवायचे आणि चालण्याचे आखडायचे. पाच किलोमीटर सलग पळायला दोन महिने लागले तर ती दिरंगाई नाही. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, पण स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा, दोन हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि पंजांच्या गाद्या त्यांच्या कितीतरी मागून येतात. तिसऱ्या आठवड्यात कुत्रा दमत नाही म्हणून अंतर दुप्पट केलं की दुखापत नेमकी तिथेच होते. वर्षानुवर्षं पळणारी माणसं ही चूक जास्त करतात. स्वतः तयार असतात आणि कुत्र्यालाही तयार समजतात.

आठवडाभर सोफ्यावर आणि रविवारी दहा किलोमीटर, हा प्रकार तर मला सगळ्यांत जास्त खटकतो. कुत्र्याच्या मागच्या गुडघ्यातला अस्थिबंध माणसासारखा एका फटक्यात तुटतो असं फार वेळा होत नाही. बहुतेक वेळा तो आतून झिजत जातो. त्याच्या नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग मागे उतरता असतो, त्यामुळे उभं राहतानाही त्या बंधावर ताण येत राहतो. झिजलेल्या बंधावर अचानक रविवारचा भार पडला की तो तुटतो. वजन जास्त असेल तर लवकर.

साहित्य फार लागत नाही. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा आणि खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस घ्या. गळ्यातल्या पट्ट्याला ओढ बसली की श्वासनळीवर दाब येतो, डोळ्यांतला दाबही वाढतो. लांबत जाणारी चक्रीची दोरी पळताना धोक्याची, साधी दोन मीटरची दोरी बरी. कुत्रा पुढे ओढत असेल आणि आपण कमरेच्या पट्ट्यानं त्याला जोडलेले असू, अशाही पळण्याचा खेळ आहे. त्याला कॅनिक्रॉस म्हणतात. घसरगाड्यांच्या कुत्र्यांना बर्फ नसलेल्या महिन्यांत सराव द्यायला तो सुरू झाला. त्याचा हार्नेस वेगळा असतो आणि मधली दोरी ताणली जाणारी असते.

पंजे

पंजाची गादी म्हणजे जाड, राठ कातडी आणि तिच्याखाली चरबीची उशी. ती धक्के झेलते, पण भाजण्यापासून वाचवत नाही. हवा पंचवीस अंशांची असतानाही थेट उन्हातला डांबरी रस्ता पन्नास अंशांच्या पुढे जाऊ शकतो. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून ठेवता आली नाही तर तो रस्ता कुत्र्यासाठी नाही. सूर्य मावळला तरी डांबर बराच वेळ तापलेलं राहतं, म्हणून संध्याकाळपेक्षा पहाट चांगली. बर्फाच्या रस्त्यांवर मीठ टाकलेलं असेल तर परतल्यावर पंजे धुवावेत.

गाद्या कठीण होतात, पण सावकाश. मातीच्या वाटेवर सुरुवात करा आणि खडबडीत रस्ता थोडाथोडा वाढवा. घरी आल्यावर प्रत्येक पंजा हातात घेऊन बोटांच्या मधली जागा उघडून बघायची सवय लावा. गवताचं एखादं टोकदार कुसळ तिथे शिरलं तर ते आत आत सरकत जातं आणि गळू होतं. फरशीवर चालताना नखांचा टकटक आवाज येत असेल तर नखं वाढलेली आहेत. वाढलेल्या नखांमुळे बोटं मागे ढकलली जातात आणि पाऊल चुकीचं पडतं.

लंगडणं ओळखायचं कसं

कुत्रे वेदना लपवतात. केकाटणारा कुत्रा क्वचितच भेटतो. पण चाल खोटं बोलत नाही. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय जमिनीवर टेकताना कुत्रा डोकं वर उचलतो, आणि चांगला पाय टेकताना डोकं खाली जातं. शंका आली तर कुणाला तरी त्याला दुडकीवर न्यायला सांगा आणि समोरून, बाजूनं मोबाइलवर चित्रण घ्या. मंद गतीत ते डोक्याचं हलणं स्वच्छ दिसतं आणि डॉक्टरांनाही तेच दाखवता येतं, कारण दवाखान्यात घाबरलेला कुत्रा बहुतेक वेळा सरळ चालतो. मागच्या गुडघ्याच्या दुखण्याची खूण बसण्यात दिसते. कुत्रा एक पाय दुमडून घेत नाही, बाजूला फेकून बसतो.

एक गोष्ट फार फसवते. झोपून उठल्यावर लंगडणारा कुत्रा दहा मिनिटं चालला की मोकळा होतो. माणसाला वाटतं, चालल्यानं बरं झालं, आता पळायला हरकत नाही. पण सांधेदुखीत नेमकं असंच होतं. सांधा गरम झाला की आखडलेपण कमी होतं, झीज तशीच राहते. अशा कुत्र्याला हालचाल हवी, पण पोहणं किंवा मऊ जमिनीवर चालणं, तेही डॉक्टरांना विचारून.

माणसाची वेदनाशामक गोळी त्याला कधीही देऊ नका. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही विषारी ठरू शकतं. धावकांच्या जेल आणि गोळ्यांत कधी कॅफिन असतं, कधी झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरलं जाणारं गोड द्रव्य. झायलिटॉलमुळे कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं उतरते आणि यकृत बिघडतं. आपली पळण्याची पिशवी त्याच्या तोंडापासून लांब ठेवा.

लॅब्राडोर असेल तर आणखी एक माहिती हवी. काही लॅब्राडोर जोरात पळाल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत मागच्या पायांतून लुळे पडतात, पुढच्या पायांवर फरफटत चेंडूच्या मागे जात राहतात. याला व्यायामानं कोसळण्याचा आजार म्हणतात. त्यामागचा डीएनएम१ या जनुकातला दोष २००८ साली सापडला आणि आता रक्ताची तपासणी करून तो ओळखता येतो. बरेचसे कुत्रे अर्ध्या तासात सावरतात, पण काही दगावतातही. असं एकदा जरी झालं तरी जोरकस पळणं आणि सारखं चेंडू फेकणं बंद करायचं.

खाणं, पाणी, गोचिडी

भरल्या पोटी पळवू नका. जेवण आणि पळणं यांत दोन-तीन तास जाऊ द्या. पळून आल्यावर धाप पूर्ण उतरल्याशिवाय वाडगा पुढे ठेवू नका. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये, उदाहरणार्थ ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्ड, जठर फुगून स्वतःभोवती पीळ घेण्याचा धोका असतो. पोट ढोलासारखं ताणलेलं, लाळ गळतेय, ओकारी येतेय पण बाहेर काहीच पडत नाही, असं दिसलं तर घटकाभरही थांबू नका. ही तासाभरात जिवावर बेतणारी गोष्ट आहे आणि तिच्यावर शस्त्रक्रियेशिवाय उपाय नाही.

पाणी दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर लागतं, पळण्याच्या दिवशी जास्त. वाटेत दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं थोडं द्या. साचलेल्या डबक्यातलं पिऊ देऊ नका, त्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. पळून आल्यावर लघवी गडद तपकिरी झाली तर स्नायू तुटून त्यांतलं द्रव्य मूत्रपिंडांत उतरतंय असं समजा आणि लगेच डॉक्टर गाठा.

गवतातून पळणाऱ्या कुत्र्याला गोचिडी लागतात. कानांच्या मागे आणि आत, काखेत, बोटांच्या मध्ये रोज हात फिरवून बघा. गोचिडीतून एर्लिकिया आणि बॅबेसिया हे रक्ताचे आजार होतात. मागच्या आठवड्यात पुढे धावणारा कुत्रा या आठवड्यात मागे रेंगाळतोय, हिरड्या फिकट दिसतायत, असं असेल तर त्याला आळशी ठरवण्याआधी रक्त तपासा. डासांमधून होणारा हृदयातल्या जंतांचा आजारही असाच येतो. जंत हृदय आणि फुप्फुसांच्या धमन्यांत राहतात. पळताना खोकला आणि लवकर दमणं ही त्याची सुरुवातीची लक्षणं आहेत. त्याच्या उपचारांत काही महिने पळणं पूर्ण बंद ठेवावं लागतं, म्हणून दर महिन्याचं प्रतिबंधक औषध चुकवू नका.

वजन

मला एकाच गोष्टीवर हट्ट धरायला सांगितलं तर मी वजनावर धरेन. २००२ साली एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष आले. ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीतल्या एकाला आयुष्यभर दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खायला दिलं होतं. कमी खाणाऱ्या गटातले निम्मे कुत्रे १३ वर्षांच्या पुढे जगले, दुसऱ्या गटातले निम्मे ११.२ वर्षांच्या पुढे. सांध्यांची दुखणीही सडपातळ कुत्र्यांना उशिरा आली. पळणाऱ्या कुत्र्याला ही गोष्ट दुप्पट लागू पडते, कारण प्रत्येक जादा किलो त्याच्या प्रत्येक पावलावर पडतो.

वजनाचा अंदाज घ्यायला काटा लागत नाही. दोन्ही हातांची बोटं बरगड्यांवरून हलकेच फिरवा. हाताच्या मागच्या बाजूला जशी हाडं लागतात तशा बरगड्या लागल्या तर बरोबर. तळहातासारखं मऊ लागलं तर वजन जास्त आहे. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर कमी. वरून बघितल्यावर बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे.

तांबू आता नऊ वर्षांचा आहे. वर्षातून दोनदा त्याचं रक्त तपासतो, पळणं निम्म्याहून कमी केलंय आणि त्याला हवं तिथे थांबायला हवा तेवढा वेळ देते. रात्री तो गाढ झोपला की छातीचं वरखाली होणं एक मिनिट मोजते. झोपेत मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास सतत येत राहिले तर हृदय किंवा फुप्फुसं तपासून घ्यायची वेळ आली, असं आमच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. काल रात्री अठरा भरले.